तात्यांनी घोंगडी झाडली

"मावशी, तुम्ही खाली बसा. खुर्च्या साहेब लोकांना आहेत."

एवढंच म्हणाला तो. ओरडला नाही. हसून म्हणाला. गळ्यात ओळखपत्र, अंगात बिनबाह्यांचं जाकीट, हातात पाण्याची बाटली. कंपनीचा माणूस.

आई लगेच उठली. पांढरी प्लास्टिकची खुर्ची. उठताना तिनं पदरानं खुर्ची पुसली. आपण बसलो होतो ती जागा पुसली आणि खाली सतरंजीवर जाऊन बसली.

मग तो शिपायाला म्हणाला, "पंखा जरा तिकडं फिरवा हो. वास इकडं येतोय."

दोघंतिघं हसले.

मी आईच्या शेजारच्याच खुर्चीत होते. मला कोणी ऊठ म्हणालं नाही. अंगात ड्रेस होता, खांद्याला पर्स होती. त्याला वाटलं असेल, मी तालुक्याहून आलेली कुणीतरी. मी त्याला तसं वाटू दिलं. मोबाईल काढला आणि त्यात बघत राहिले. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

आई खाली. मी वर.

हे आधी लिहिलं, कारण पुढचं सगळं इथून सुरू होतं. आणि इथं फक्त तो जाकीटवाला दोषी नाही.

आमची वाडी भोरच्या पश्चिमेला, डोंगराच्या खांद्यावर आहे. खाली गाव, गावात ग्रामपंचायत. वर आम्ही, धनगरांची पंधरा घरं. शेळ्या, गुरं, उतारावर थोडी नाचणी आणि वरी. वाडीच्या वर पठार. पठारावर एक झरा आहे, तो उन्हाळ्यातही आटत नाही. आम्ही त्याला म्हातारीचं पाणी म्हणतो. त्या पाण्यावर पंधरा घरं जगतात. पठार वनखात्याचं. घरंही वनखात्याच्याच जमिनीवर. आजोबांच्या आजोबांनी तिथं चूल मांडली तेव्हा वनखातं होतं का, मला माहीत नाही. वनहक्काचा दावा टाकलाय. तो पडून आहे.

त्या पठारावर कंपनीला तलाव बांधायचा होता. एक वर, एक खाली दरीत. दिवसा खालचं पाणी पंपानं वर चढवायचं, संध्याकाळी विजेची मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. जमीन वनाची, म्हणून ग्रामसभेचा ठराव लागतो. लोकांना विचारलं असं कागदावर यावं लागतं. त्यासाठी ती सभा होती. गावातल्या समाजमंदिरात.

पडद्यावर चित्रं दाखवली. निळा तलाव, कडेनं झाडं, बाकावर बसलेलं गोरं कुटुंब. आमच्यापैकी कोणी चित्रात नव्हतं. शेळीसुद्धा नव्हती.

माझे थोरले चुलते, तात्या, पुढं बसले होते. वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून आमच्या घरात तात्यांचाच शब्द. वाडीतही तात्यांचाच. ते बाजूच्याला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "म्हंजे पानी वर चडवायचं, आन् मंग त्येच खाली सोडायचं? आरं, ह्ये तर आमचं बोकड बी करत न्हाई."

मागून एक म्हातारी म्हणाली, "गप बसा तात्या, शिकल्याली मान्सं हायती ती."

लोक हसले. मीही हसले. भीती अजून माझ्यापर्यंत आलेली नव्हती.

टेबलामागं वनखात्याचे एक साहेब होते, सरपंच होते, ग्रामसेवक लिहीत होते. जाकीटवाल्यानं माईक घेतला. "कुणाची काही हरकत आहे का? मोकळेपणानं बोला."

कोणी बोललं नाही. पंखा फिरत होता. तिकडंच.

मग तात्या उठले. खाली अंथरलेली घोंगडी उचलली, दोन्ही हातांनी धरली आणि झाडली. एकदा. फट्‌ करून आवाज आला. ती खांद्यावर टाकली आणि ते दाराकडं चालू लागले. त्यांच्यामागं सगळी वाडी उठली. आई उठली. शेवटी मी उठले.

हे काय होतं, ते सांगायला पाहिजे.

आमच्यात तोंडावर नाही म्हणत नाहीत. तोंडावर नाही म्हणणं म्हणजे समोरच्याची इज्जत काढणं. चराईची वाटणी असो, सोयरीक असो, जनावराचा सौदा असो, माणूस ऐकून घेतो. पटलं तर बसून राहतो. नाही पटलं तर घोंगडी झाडतो आणि उठतो. झालं. बैठक मोडली. तो परत येऊन बसत नाही तोवर त्या विषयात कुणी पुढं जात नाही. जायचंच नसतं. माझ्या चुलत बहिणीची सोयरीक अशीच मोडली. पाव्हणा बोलून गेला, "पोरगी जरा काळी हाय, पर चालंल." तात्यांनी घोंगडी झाडली. शब्द नाही. पाव्हणे अर्धा चहा तसाच टाकून उतरले.

म्हणजे त्या दिवशी समाजमंदिरात आम्ही नाही म्हणालो होतो. आमच्याकडं नाही म्हणायची यापेक्षा मोठी रीत नाही.

डोंगर चढताना वाडी खुशीत होती. "मोडली सभा," तात्या म्हणत होते. "बसा म्हनावं आता खुर्च्यास्नी सांगत." बायका हसत होत्या. आई माझ्यापुढं चालत होती. मागं वळली नाही.

मीसुद्धा खुशीत होते. हे लिहायला लाज वाटते. मी शिकलेली. विंझरला माझे मामा राहतात. धरणग्रस्तांच्या मोर्च्यांत त्यांचं तरुणपण गेलं. त्यांच्या घरी एक पत्र्याची ट्रंक आहे, पत्रकांनी भरलेली. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं गोष्टी वाचतात, मी 'जमीन आमच्या हक्काची' वाचायचे. उद्गारचिन्हांवर माझं फार प्रेम होतं. आणि एवढं सगळं वाचून मलाही वाटलं, सभा मोडली.

रिकाम्या खुर्च्यांसमोर सभा पुढं चालू राहू शकते, हे त्या पत्रकांत कुठंच नव्हतं.

*

भोरला एसटी स्टँडजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मी तिथं कामाला होते. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाच्या पत्रिकांचा मजकूर. मालकांना मी काका म्हणायचे. माणूस वाईट नव्हता.

सभेनंतर तीन दिवसांनी जाकीटवाला दुकानात आला.

मी मान खाली घातली. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. टेबलावर तीन कागद ठेवले. ग्रामसेवकांच्या अक्षरातले, मध्येमध्ये निळ्या पेनानं दुरुस्त केलेले. निळं पेन त्याच्या खिशात होतं.

"हे टाईप कर. ग्रामसेवकांना वेळ नाही, मीच करून देतोय. दोन प्रती. पटकन."

सभेचं इतिवृत्त होतं ते.

मी टाईप करायला लागले. स्थळ, वेळ, अध्यक्षस्थान. मग हे वाक्य आलं. 'हरकतींबाबत विचारणा केली असता उपस्थितांपैकी कोणीही हरकत घेतली नाही. सबब चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर.' खाली लिहिलं होतं, सोबत उपस्थितांच्या सह्यांची यादी. ती यादी मी ओळखली. समाजमंदिराच्या दारात वही ठेवली होती, आत जाताना आम्ही सगळ्यांनी हजेरीच्या सह्या केल्या होत्या. आईचा अंगठा होता. माझी सही होती. वळणदार. मला माझ्या सहीचा अभिमान होता.

माझी बोटं थांबली.

"काय झालं?"

"साहेब," मी म्हणाले. आवाज माझा नव्हता, कुठल्यातरी उंदराचा होता. "लोक उठून गेले होते ना?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "कोण म्हणालं तुला?"

"ऐकलं."

"उठून गेले. बरोबर. काम संपलं, उठून गेले. हरकत असती तर बोलले नसते का? माईक होता की समोर." मग त्यानं डोळे बारीक केले. "कुठली गं तू?"

आता या प्रश्नाचं उत्तर एकच होतं. माझी वाडी. माझ्या वाडीचं नाव चार अक्षरांचं आहे. ते मला तेव्हा उच्चारता आलं नाही.

"विंझरची," मी म्हणाले.

"मग तुला काय करायचंय? टाईप कर." तो वाकून पडद्यावर बघू लागला. त्याच्या अंगाला सुगंधी फवाऱ्याचा वास येत होता. "आणि हे बघ, 'ठराव'च्या पुढं 'सहर्ष' टाक. सहर्ष व सर्वानुमते. छान वाटतं."

मी टाकलं.

स, ह, र, ष. माझ्या बोटांनी. आईच्या अंगठ्याच्या वर. मी 'सहर्ष' टाईप केलं, दोन प्रती काढल्या, टाचणी लावली, आणि "घ्या साहेब" असं म्हटलं. घ्या साहेब.

तो गेल्यावर मी मागं जाऊन ओकले. काका म्हणाले, "पित्त झालं का गं? सोडा आणू का?"

*

शनिवारी वाडीवर गेले. एसटी खाली गावापर्यंत, पुढं दीड तास चढ. इतका जड चढ मी कधी चढले नव्हते. वाटेत दोनदा बसले. परत फिरावं असं वाटलं. कुणाला कळणार होतं? तलाव झाला असता, मी भोरात राहिले असते, विंझरची म्हणून.

तात्या ओट्यावर काठी तासत होते. आई आत भाकऱ्या थापत होती. मी उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं. नाही, सगळं नाही. कागद कुणी टाईप केला ते सोडून सगळं.

तात्या आधी हसले. "आगं, उठलो की आमी! सगळ्यांनी बगितलं. साहेबानं बगितलं, सरपंचानं बगितलं. म्या घोंगडी झाडली."

"तात्या, कागदावर तसं नाही."

"मंग कागदावर काय हाय?"

"कुणीच हरकत घेतली नाही. सगळे खूश आहेत."

"पर म्या झाडली!" त्यांनी हात वर करून हवेत घोंगडी झाडून दाखवली, जणू मीच पाहिलं नव्हतं. "ह्ये काय लहान पोराला कळत न्हाई व्हय?"

"त्यांच्यात उठून जाणं म्हणजे काहीच नाही तात्या. तोंडानं बोललेलं आणि कागदावर आलेलं तेवढंच खरं."

त्यांचा हात हळूहळू खाली आला. तात्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या गोठ्याच्या मागं बिबट्या येऊन बसला होता तेव्हासुद्धा नाही. ते म्हणाले, "मंग आमी इतकी वर्सं जितं जितं उठलो, तितं तितं व्हय म्हनलो का काय?"

मी ओट्यावर पडलेले काठीचे कपचे गोळा करायला लागले.

आतून भाकरी थापायचा आवाज थांबला. आई दारात आली. हाताला पीठ.

"टाईप कुनी केलं?"

तिला कसं कळलं, मी आजवर विचारलेलं नाही.

"मी," मी म्हणाले.

आई माझ्याकडं बघत राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं हाताचं पीठ झटकलं. पदर झाडला. आणि माझ्यासमोरून उठावं तशी निघून गेली. चुलीवरची भाकरी तशीच टाकून, गोठ्याकडं.

त्या झाडण्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी त्याच वाडीची आहे. विंझरची नाही.

सकाळी ती शेळ्या घेऊन पठारावर निघाली तेव्हा मी मागं गेले. म्हातारीच्या पाण्यापाशी शेळ्या प्यायला थांबल्या. मी ओंजळीनं पाणी प्यायले. मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "खुर्ची पुसताना म्या तुज्याकडं बगितलं व्हतं. तू फोनात बगत व्हतीस."

मी रडायला लागले.

"रडू नगं. लई रडनारी हायती हितं." तिनं एका शेळीला काठीनं सरळ केलं. "तुला लिवता येतंय. आमास्नी नुस्तं उटता येतंय. आता काय करायचं त्ये तू सांग."

मला भीती वाटत होती, तिला मी सांगितलं तसं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला बी वाटती. म्हनून का शेरडं बांदून ठेवू?"

*

पत्रकांत भीती नसते. मामांच्या त्या ट्रंकेत एकही कागद असा नाही, ज्यावर लिहिलंय की अर्ज द्यायला जाताना पाय कापतात, तोंड कोरडं पडतं, आणि कचेरीच्या पायऱ्यांवर सारखी लघवीला लागते. मला हे सगळं झालं. मला वाटलं, मीच तेवढी भेकड.

मी अर्ज लिहिला. आम्ही सभेतून उठून गेलो ती आमची हरकत होती. इतिवृत्तातली नोंद खोटी आहे. सही हजेरीची होती, संमतीची नव्हती. ग्रामसभा परत बोलवा. एकही उद्गारचिन्ह घातलं नाही. पंधरा घरांत फिरून प्रत्येकाला वाचून दाखवला, मगच सही किंवा अंगठा घेतला. दोन घरांनी नकार दिला. एकाचा मुलगा वनखात्यात रोजंदारीवर होता. त्या मुलाची आई म्हणाली, "पोरी, आमचं पोट त्येंच्या हातात हाय." मी तिच्यावर रागावले नाही. दुकानात माझंही पोट असंच कुणाच्यातरी हातात होतं.

ग्रामसेवकांनी अर्ज घेतला नाही. "इतिवृत्त वर गेलं. आता काय उपयोग?" मी म्हणाले, नका घेऊ, पण घेत नाही असं लिहून द्या. ते हसले. मग मी भोरला तहसील कचेरीच्या आवक खिडकीत अर्ज दिला आणि पोच घेतली. शिक्का मारलेली ती प्रत हातात आली तेव्हा मी ती तिथंच उभी राहून तीनदा वाचली. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "बस जरा. पाणी पी."

आठ दिवसांनी जाकीटवाला दुकानात आला. या वेळी टाईप करायला काही आणलं नव्हतं.

"विंझरची ना तू?"

मी टाईप करत राहिले.

तो काकांच्या टेबलाला टेकून उभा राहिला. हसून बोलत होता. तो कायम हसूनच बोलतो. "मी काय म्हणतो, तुमच्या वाडीतली घरं पण वनजमिनीतच येतात ना? कागद आहेत का त्यांचे? नाही, सहज विचारलं. अर्जबिर्ज झाले की फायली उघडतात. मग सगळंच मोजतात. तुझी आई आता कुठं जाणार या वयात?"

तो गेला. काका बराच वेळ मशीन पुसत राहिले. मग म्हणाले, "पोरी, मला इथं धंदा करायचाय. तू सोमवारपासून येऊ नको. मनात काही धरू नको."

मी मनात धरलं. काकांना तसं सांगितलंही.

त्या दिवसापासून वाडीत कुणी अनोळखी माणूस चढून येताना दिसला की बायका लेकरं घरात घेतात. कुत्रं भुंकलं की तात्या उठून बघतात. आई भांडी घासता घासता मध्येच थांबते आणि घराकडं बघते. भिंतीकडं, कुडाकडं, छपराकडं. एकदा मी विचारलं काय बघतेस. म्हणाली, "काय न्हाई. बगून ठिवते."

*

माझ्या त्या अर्जावर तहसीलमधून फेरसभा लागली. त्याच समाजमंदिरात.

आदल्या दिवशी सगळी वाडी आमच्या अंगणात बसली. मी सांगितलं, "उद्या काही झालं तरी उठायचं नाही."

कुणाला ते पटेना. तात्यांना तर नाहीच. "न्हाई पटलं तरी बसायचं? म्हंजे बसून व्हय म्हनायचं?" पिढ्यानुपिढ्यांची रीत एका दुपारी कशी उलटी करायची? मी म्हणाले, "तात्या, त्यांच्यात उठतो तो हरतो. बोलायचं, लिहायला लावायचं, वाचून दाखवायला लावायचं. मगच उठायचं."

तात्यांनी खांद्यावरची घोंगडी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "अपमान केला तरी?"

"केला तरी."

"लई अवघड सांगतीस पोरी."

सकाळी आम्ही उतरलो. या वेळी दारातल्या वहीत सही करण्याआधी मी वहीच्या डोक्यावर लिहिलं, फक्त हजेरी. शिपाई बघत राहिला. आत पांढऱ्या खुर्च्या होत्या. मी एका खुर्चीत बसले आणि शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला. आई खाली सतरंजीकडं वळली होती.

"आई. इथं."

ती आली. बसली. टोकावर, उठायच्या तयारीत बसावं तशी. माझ्या हातात तिचा हात होता.

जाकीटवाला आला. त्यानं आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "मावशी," तो म्हणाला, "त्या खुर्च्या…"

"मला हितं बरं हाय," आई म्हणाली.

एवढंच. तो पुढं गेला. पंखा आपला फिरत होता.

तात्यांनी घोंगडी अंथरली आणि मांडी घालून बसले. हरकत विचारली तेव्हा मी उभी राहिले. मी अर्ज वाचला. मध्ये दोनदा आवाज गेला. मागून कोणीतरी म्हणालं, "शेळ्यांची वकील आली." हशा झाला. मी पुढची ओळ वाचली. पाण्याचं वाचलं, चराईचं वाचलं, 'सहर्ष'चं वाचलं. तो शब्द मी टाईप केला, हेही सांगितलं. तेव्हा हशा थांबला.

"ऐकलं आम्ही," जाकीटवाला म्हणाला. "नोंद घेतली. आता चहा आहे सगळ्यांना बाहेर. चला, उठा."

कोणी उठलं नाही.

"अहो, उठा. सभा संपली."

मी तात्यांकडं पाहिलं. त्यांची मूठ घोंगडीच्या काठावर आवळलेली होती. त्यांच्या हाडात बसलेली रीत त्यांना ऊठ म्हणत होती. झाड आणि ऊठ. साठ वर्षं ते तसंच करत आले होते. ते उठले नाहीत.

"काय लिवलं त्ये वाचा," तात्या ग्रामसेवकांना म्हणाले.

"नंतर वाचतो."

"वाचा. आमी बसलोय."

चहा बाहेर गार झाला. ऊन समाजमंदिराच्या दारातून आत सरकलं आणि पुन्हा बाहेर गेलं. वनखात्याच्या साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी ग्रामसेवकांनी वाचलं. दोन ओळी गाळल्या होत्या. मी सांगितल्या. त्यांनी त्या लिहिल्या. परत वाचलं. मी मोबाईलवर फोटो काढला. मग वाडी उठली, तात्या उठले, घोंगडी न झाडता खांद्यावर टाकली.

कुणी जिंकलं असं वाटून घेऊ नये. फाईल वर गेलीय. आमच्या हरकतीचा कागद तिच्यात आहे. कुठल्या पानावर, वर कुणी तो वाचेल का, माहीत नाही. गेल्या आठवड्यात वाडीच्या घरांची मोजणी करायला माणसं येऊन गेली. खडूनं दारांवर आकडे घातले. आईनं आमच्या दारावरचा आकडा पुसला नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आपन हितं हाय म्हनून तरी कुनी लिवलं."

आता मोठी सुनावणी आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथला हॉल मोठा असेल, खुर्च्यांना गाद्या असतील, मला ज्यांची भाषा येत नाही असे साहेब असतील. मला भीती वाटते. आज, हे लिहिताना, वाटते आहे. ती जाईल याची मी आता वाट बघत नाही.

मी जाणार आहे. कुठली विचारलं, तर माझ्या वाडीचं नाव सांगणार आहे, पहिल्यांदा, माईकवर. आई माझ्या शेजारच्या खुर्चीत असेल. पूर्ण खुर्चीत, टोकावर नाही.

आणि आम्ही जे बोललो ते आमच्यासमोर वाचून दाखवल्याशिवाय आमच्यातलं कोणी उठणार नाही.